हिरव्या डोळ्याचा रेडिओ

मधुसूदन फणसे, म्हणजे आमच्या भोरचे मधूनाना, यांना रेडिओ घ्यायचा नव्हता. चार वर्षं त्यांनी तो टाळला आणि दर वर्षी नवं कारण दिलं. पहिल्या वर्षी म्हणाले, पावसाळ्यात वीज एरियलच्या तारेवरून थेट घरात उतरते. दुसऱ्या वर्षी लायसन्स निघालं. दरसाल पोस्टात जाऊन सरकारला कळवायचं की आम्ही घरी गाणी ऐकतो, हे काय बरं दिसतं? तिसऱ्या वर्षी म्हणे व्हॉल्व जळतात. चौथ्या वर्षी त्यांनी चक्क बाहेरच्या खोलीचं माप काढलं. दहा फूट बाय आठ फूट, त्यात एक खाट, एक खुर्ची, मुलीचं शिवणाचं मशीन आणि कोपऱ्यात वळकट्या. रेडिओ आत आला तर माणसांनी खुंटीला लटकायचं काय, असं ते विचारत.

भोरेश्वराच्या देवळामागच्या त्या आळीत लोक म्हणायचे, माणूस चिक्कू आहे. साफ खोटं. नानांना ऐकू येत नव्हतं, एवढंच त्याचं कारण, आणि ते नानांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

अगदी ठार बहिरे नव्हते हो. समोर उभं राहून खणखणीत बोलणाऱ्या पुरुषाचं अर्धं कानाने आणि अर्धं ओठांवरून त्यांना कळायचं. बायकांचं, पोरांचं, पाठमोऱ्या माणसाचं काही म्हणजे काही कळत नसे. गाणं तर असं वाटे की तिसऱ्या घरात कुणी धान्य पाखडतंय. सहा वर्षांपूर्वी वेल्ह्याला नेमणूक असताना हिवतापाने धरलं, पावसाळाभर कोयनेलच्या कडू गोळ्या पोटात गेल्या. ताप गेला आणि जाताना कान घेऊन गेला.

आता कुणी विचारेल, घरात बायकोला कसं कळलं नाही? सौदामिनीची समजूत अशी की नवरा आपलं बोलणं या कानाने ऐकतो आणि त्या कानाने सोडून देतो. आळीतल्या निम्म्या नवऱ्यांचं तेच होतं, तेव्हा तिला त्यात वेगळं काही वाटलं नाही. पहिलं वर्षभर ती भांडली. पुढे कामापुरतं बोलू लागली, तेही समोर येऊन, हात हलवून, म्हणजे नानांना नेमकं सोयीचं.

लपवण्याला कारण होतं. नाना मामलेदार कचेरीत अव्वल कारकून. कुळकायद्याचे दिवस, जमिनीच्या जबाबांचे ढीग पडलेले, आणि जबाब लिहून घेण्याचं काम नानांचं. लिहिणाराच बहिरा निघाला तर? पुण्याला सिव्हिल सर्जनपुढे उभं करतील आणि हातात घरी बसायचा कागद देतील. पेन्शनीला अडीच वर्षं राहिलेली, मुलीचं, शुभाचं, लग्न व्हायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून नाना मूठ आवळून बसले होते.

कचेरीत त्यांनी एक युक्ती केली होती. महिन्यातून दोनदा नसरापूरला गाडी बदलून मार्गासनी, विंझर करत वेल्ह्याला जावं लागे. तिथे वरच्या वाड्यांवरची धनगर मंडळी जबाबाला येत. त्यातल्या म्हादूची मिशी अशी दांडगी की ओठ दिसायची सोयच नाही. नाना तलाठ्याला समोर बसवत आणि म्हणत, हा काय सांगतो ते नीट भाषेत मला सांगा, तसंच कागदावर जाईल. लिहून झालं की सगळा जबाब मोठ्याने वाचून दाखवत आणि म्हादूच्या मानेकडे बघत. मान हलली नाही तर कागद फाडून पुन्हा लिहीत. लोक म्हणायचे, काय चोख माणूस आहे. आणि कामात चोख ते होतेच.

असं सगळं बेतात चाललं होतं. सौदामिनी दुपारी शेजारच्या अंबूबाईंच्या दारात उभी राहून रेडिओवरचा बायकांचा कार्यक्रम ऐकून येई. एकदा अंबूबाईंकडे पाहुणे होते, त्यांनी दार अर्धं लोटून घेतलं. मुद्दाम नव्हे, पण लोटलं. सौदामिनी घरी आली, चहा ठेवला. दुसऱ्या दिवशी पेठेतल्या रेडिओवाल्या बंडूला सांगून आली की दोन रेडिओ दाखवायला आण, फार महागाचे नकोत, खोली लहान आहे. पैसे तिने स्वतः साठवले होते. आता नाना कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?

बंडू पुण्याच्या लष्कर भागातल्या दुकानात रेडिओदुरुस्ती शिकून आलेला. त्याची पद्धत अशी की सेट आठ दिवस घरी ठेवायचा, पसंत पडला तर पैसे, नाहीतर परत. रविवारी सकाळी तो हातगाडीवर दोन सेट घालून घेऊन आला. एक नवा कोरा, पांढरट रंगाचा, कोनाड्यात अलगद बसेल एवढा. दुसरा पाचगणीच्या कुठल्याशा बंगल्यातून आलेला जुना, सागवानी पेटीचा, लग्नातल्या ट्रंकेएवढा. किंमत दोन्हींची जवळपास सारखीच.

आधी छोटा लावला. सौदामिनी खूश, शुभा खूश. आवाज किती गोड म्हणून दोघी नानांच्या तोंडाकडे बघू लागल्या. नानांना तिथे परीक्षेला बसल्यासारखं झालं. बंडूने काट्याचं बटण त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाला, लावा तुमच्या हाताने पुणे केंद्र. नानांनी काटा फिरवला, बरा दिसला तिथे थांबवला आणि मान डोलावली.

शुभा हसू लागली. नाना, नुसती खरखर लागलीय, असं म्हणाली असावी. नानांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं की मी खरखरच तपासतोय, स्टेशन काय, कुणालाही लागतं. पण आज नाही तर उद्या ह्या कोनाड्यातल्या डबीपुढे आपलं बिंग फुटणार हे त्यांनी ओळखलं.

मग बंडूने मोठा सेट लावला. व्हॉल्व तापले, आणि पेटीच्या कपाळावर एक हिरवा गोल उजळला. त्यात एक काळी फट. बंडू समोर उभा राहून खणखणीत आवाजात समजावू लागला, म्हणून नानांना अक्षर न् अक्षर कळलं. स्टेशन जवळ आलं की ही फट मिटत येते, बरोब्बर लागलं की पुरती मिटते. ह्याला म्हणायचं डोळा. नव्या स्वस्त सेटांना हा नसतो.

नानांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी बटण हातात घेतलं, हिरव्या गोलावर नजर ठेवली, केसभर मागे, केसभर पुढे, आणि फट मिटवली. बंडूचे डोळे विस्फारले.

"नाना, कान लई तयार हाये तुमचा," तो म्हणाला. "असं नेमकं मलाबी लागत न्हाई."

बावीस वर्षांच्या संसारात एखादी वस्तू हवीच म्हणून नानांनी पहिल्यांदा वाद घातला तो त्या दिवशी. सौदामिनीने वितीने खोली मोजून दाखवली. हा खोका ठेवायचा तर मशीन स्वैपाकघरात जाईल, शुभा चुलीशेजारी बसून शिवणार का? नाना ऐकेनात, म्हणजे दोन्ही अर्थांनी म्हणा हवं तर. सागवान आहे, पिढ्यान्‌पिढ्या टिकेल, असलं काहीबाही बोलत राहिले. शेवटी सौदामिनी म्हणाली, हौसेला मोल नसतं म्हणतात, पण जागा तर लागते ना. आणि आत निघून गेली. मशीन स्वैपाकघरात गेलं, मोठा सेट बाहेर राहिला, आणि छोटा बंडूने परत नेला.

पुढे नानांचं नाव झालं. संध्याकाळी आळीतली चार माणसं येऊन बसत. आठ बाय दहाच्या खोलीत गुडघ्याला गुडघा लागे. नानांनी बटणाला हात लावला की पहिल्या झटक्यात स्टेशन लागे. लोक आपापल्या घरचे सेट लावून द्यायला बोलावू लागले. नाना नम्रपणे म्हणत, छे हो, आपल्याला आपल्या घरचाच सवयीचा.

स्टेशन लावणं जमलं, पण दाद कुठे द्यायची? गाणाऱ्याने जागा घेतली की चारचौघांत वाहवा म्हणायला हवं, आणि चुकीच्या ठिकाणी म्हटलं तर फजिती. ह्यावरही नानांनी तोड काढली. सौदामिनीला गाण्याचं अंग होतं. लहानपणी ती शिकलेली, लग्नानंतर सुटलं. समेवर तिची मान आपोआप खाली यायची आणि डोळे क्षणभर मिटायचे. नाना तिच्यासमोर बसू लागले. तिच्या चेहऱ्यावरची नजर हलू द्यायची नाही, मान खाली आली की वाहवा म्हणायचं. कधी चुकलं नाही.

महिना गेला, दोन गेले. नानांना तिचा चेहरा पाठ झाला. तान येण्याआधी ती खालचा ओठ आत घेते, बेसूर झालं की डाव्या भुवईवर आठी पडते, आवडतं गाणं लागलं की दहा वर्षांनी लहान दिसते. बावीस वर्षांत एवढं बघितलं नव्हतं त्यांनी. बघायला वेळ कुणाला होता?

आणि बाईमाणसाच्या लक्षात आल्यावाचून राहतं का? नवरा रोज संध्याकाळी तासभर आपल्याकडे टक लावून बसतो, आपली मान डोलली की वाहवा म्हणतो. सौदामिनी आधी बावरली, मग लाजली. एके दिवशी तिने धुवट पातळ बदलून चांगलं नेसलं. पुढे पुढे अंबाड्यात अबोलीची वेणी येऊ लागली. कचेरीतून आल्यावर चहाबरोबर काहीतरी खायला येऊ लागलं. नानांनी हे सगळं पाहिलं आणि त्यांना मनातून फार वाईट वाटलं. हे आपल्या कष्टाचं नाही, आपण ते फसवून घेतोय, असं त्यांना वाटत राहिलं. सांगावं असं दोनतीनदा मनात आलं. पण आता सांगायचं म्हणजे नुसतं बहिरेपण सांगून भागणार नव्हतं. तू मला आवडतेस म्हणून बघत नव्हतो, हेही सांगावं लागणार होतं. 

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी शुभा अंबूबाईंकडे हळदीकुंकवाला गेली होती. आळीतली मंडळीही त्या दिवशी आली नाहीत. घरात दोघंच. नानांनी स्टेशन लावलं, फट मिटवली आणि नेहमीच्या जागी खुर्चीवर बसले. सौदामिनी सतरंजीवर. गाणं रंगलं असावं, तिचा खालचा ओठ आत गेला होता.

मग ती उठली आणि रेडिओपाशी गेली. पाठमोरी उभी राहून तिने पेटीवरची धूळ पदराने पुसली, एक बटण फिरवलं, आणि कशाची तरी वाट पाहत असल्यासारखी क्षणभर तशीच थांबली. नानांनी डोळा पाहिला. हिरवा होता, फट मिटलेली होती, म्हणजे सगळं ठीक. ती येऊन परत सतरंजीवर बसली. तिने त्यांच्याकडे पाहिलं, आणि हळूच मान खाली घातली, डोळे मिटले.

"वाहवा," नाना म्हणाले.

सौदामिनीने डोळे उघडले. असा चेहरा नानांनी दोन महिन्यांत पाहिला नव्हता. ती रेडिओकडे बघत होती, मग त्यांच्याकडे, मग पुन्हा रेडिओकडे. नाना उठले आणि त्यांनी पेटीवर तळहात टेकला. एरवी लाकूड गाण्याबरोबर थरथरायचं, ते दगडासारखं निपचित होतं. तिने आवाजाचं बटण पुरतं बंद केलं होतं.

ती उठून त्यांच्या अगदी समोर आली; पाठ झालेल्या त्या चेहऱ्यावरचे ओठ आता नानांना वाचता येत होते.

"ऐकू येत नाही?"

"नाही."

"कधीपासून?"

"वेल्ह्याच्या तापापासून."

सहा वर्षं ती मनात मोजत असावी. त्या सहा वर्षांत आपण काय काय बोललो, कशावर रुसलो, कुठल्या प्रश्नाला उत्तर आलं नाही म्हणून कितीदा रात्री जेवलो नाही, सगळं. नानांना तिच्या चेहऱ्यावर ते एकेक दिसत होतं. ती रागावेल असं त्यांना वाटलं. पण ती म्हणाली, कचेरीत कुणाला कळता कामा नये, शुभालाही आत्ता नको, पोरीच्या तोंडून जाईल. एवढं तिने नीट, ओठ उघडून, सावकाश सांगितलं. म्हणजे ती लगेच त्यांच्या बाजूला येऊन उभी राहिली, आणि नानांना वाटलं, सुटलो.

मग तिने विचारलं, "माझ्याकडे बघायचात ते वाहवा म्हणण्यासाठी?"

खोटं बोलायला जागा होती. नाना बोलले नाहीत खोटं.

"सुरुवातीला," ते म्हणाले.

 अंबाड्यातली वेणी सैल झाली होती, ती तिने हाताने चाचपली, काढली मात्र नाही.

"मघाशी तू काहीतरी बोललीस," नाना म्हणाले. "आवाज बंद करून, तिकडे तोंड करून. काय बोललीस?"

सौदामिनीने त्यांच्याकडे पाहिलं. उत्तर देताना तिने मुद्दाम चेहरा दिव्याकडे केला, म्हणजे ओठ स्पष्ट दिसावेत.

"ते एकदाच म्हणता येतं हो," ती म्हणाली, आणि शुभाला हाक मारायला दारात गेली.