एका वेळी एकच सेटिंग

सर्व्हरच्या बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, जे काय बदलायचं ते सगळं एकदम बदलावं, सेव्ह करावं आणि मशीन एकदाच पुन्हा सुरू करावं, हे या धंद्यात काल आलेल्यालाही कळतं. तिला तर चांगलंच कळत होतं. तरी ती एका वेळी एकच सेटिंग बदलत होती, आणि त्याचं कारण फोनवर होतं. तिचा नवरा.

दोघं याच सर्व्हर रूममध्ये भेटले, इथेच भांडले आणि इथेच त्यांचं जमलं. मग त्याला परदेशात मोठं काम मिळालं. करार संपला की परत यायचं ठरलं होतं, आणि करार आता संपतच आला होता. पण तो विषय काढला की साहेब लगेच हवापाण्यावर घसरायचे. इकडे सासूबाई सकाळ-संध्याकाळ "विचारलंस का गं?" करून जीव खायच्या. विचारणार कधी? तिकडे त्याला फक्त कामाच्या फोनलाच सवड मिळायची. म्हणून मशीनबद्दल विचारायचं निमित्त काढून ताकाला जाऊन भांडं लपवणं चाललं होतं.

आज सुटी होती, ऑफिस रिकामं होतं. फोन स्पीकरवर टाकून तिने मेमरीच्या नव्या पट्ट्या बसवल्या होत्या. दर वेळी सुरू होताना मशीन त्या सगळ्या तपासायचं आणि तोवर स्क्रीन काळीठिक्कर. तेवढा वेळ त्यांचा.

आधी तिने मिररिंग बंद केलं. त्यात अर्धी मेमरी उरलेल्या अर्ध्या मेमरीची नक्कल सांभाळण्यातच अडकून पडायची. सेव्ह केलं. काळ्या स्क्रीनसमोर सासूबाईंच्या गुडघ्याचं बोलून झालं. मग मेमरीचा वेग वाढवला, पुन्हा सेव्ह. या खेपेला त्याने करपवलेल्या भाताची गोष्ट ऐकली आणि मनापासून हसली. मग प्रोसेसरची वीज वाचवायची सेटिंग काढून त्याला पूर्ण ताकदीवर ठेवलं.

"मॅडम, हे सगळं एकदम नसतं का झालं?" त्याने विचारलं.

चुकलं तर कशाने चुकलं ते कळायला नको का, असं ती म्हणाली. ते खोटंही नव्हतं. त्यानेही ताणलं नाही.

पण मशीन पुन्हा सुरू होऊ लागलं आणि ती बायोसमध्ये शिरली, तेव्हा तो सहज बोलल्यासारखा बोलला, "आता ते फास्ट बूटही चालू करून टाक. मग दर वेळी सगळी मेमरी तपासत बसणार नाही. तू तरी किती ताटकळत बसशील?"

हाच माणूस त्या सेटिंगला हात लावू द्यायचा नाही. मेमरी न तपासता मशीन चालू करणं म्हणजे डोळे मिटून रस्ता ओलांडणं, असं म्हणून त्याने एकदा तिच्याशी दिवसभर अबोला धरला होता. ज्याला परत येऊन हे मशीन सांभाळायचं आहे, तो असं बोलणार नाही.

"तू येत नाहीयेस," ती म्हणाली.

मग त्याने सांगितलं, की पुढच्या करारावर सही करून झाली आहे. रोज सांगायचं ठरवायचा आणि रोज जीभ रेटायची नाही.

तिला त्याचा भयंकर राग आला आणि त्याहून जास्त त्याची आठवण आली. तिने फास्ट बूट तसंच बंद ठेवलं आणि काही सेव्ह न करता बाहेर पडली. तसं केलं तरी मशीन पुन्हा सुरू होतंच. स्क्रीन काळी झाली. सासूबाईंना पुढे करून बोलणं सोपं होतं, पण आज तिला तसं करायचं नव्हतं.

"आईंचं राहू दे. मला तू हवा आहेस," ती म्हणाली. "घरात हवा आहेस. भांडायला, पांघरूण ओढायला, नुसतं शेजारी बसायला. मला हे फोनवर पुरत नाही रे."

पलीकडे त्याने नाक ओढलं. "मलाही नाही पुरत," तो म्हणाला.

तेवढ्यात मशीन सुरू झालं. स्क्रीनवर लॉगिनची ओळ आली आणि मघापासून बोंबलणाऱ्या पंख्यांचा आवाज एकदम खाली बसला. फोनवर ते ऐकू न जाणं शक्यच नव्हतं. आवाजावरून मशीन कुठवर आलंय ते ओळखणं तिला त्यानेच शिकवलं होतं.

"झालं का सुरू?" त्याने हळूच विचारलं.

"नाही अजून," ती म्हणाली.

"हं," तो म्हणाला. "नव्या पट्ट्या आहेत. वेळ लागतोच."