रुखवतातलं पिंप

कल्याणच्या डॉक्टरीणबाईंकडून कोन गावातल्या घरी येईपर्यंत मृणालीच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. आठ वर्षांची रुचिका रिक्षात तिच्या खांद्यावर पेंगत होती. एवढ्याशा पोरीला पाळी आली, तेव्हापासून सासूबाईंचं एकच पालुपद चाललं होतं, "आईच्या वळणावर गेली." खोटं तरी कसं म्हणायचं? ग्रंथींचं दुखणं तिच्या माहेरचंच. मृणालीची आई धोंडूबाई, तिच्या गळ्यावर थायरॉइडच्या ऑपरेशनचा व्रण; मृणाली स्वतः रोज सकाळी उपाशीपोटी त्याचीच गोळी घेणारी.

डॉक्टरीणबाईंनी मात्र भलतंच विचारलं होतं, घरात पाणी कशात साठवता? मृणालीनं सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. "घराण्यातून आलं असेल, त्या पिंपांमुळे असेल, दोन्हीही असेल. खात्रीनं कुणीच सांगू शकणार नाही. पण ते पाणी आजपासून बंद."

पिंपं तिच्या माहेरची, राहनाळची. भाताच्या शेतावर गोडाऊनं उठली, तेव्हापासून केमिकलवाला भाडेकरू रिकामी निळी पिंपं जमीनमालकांना फुकट द्यायचा, आणि गावाला त्याचं कोण अप्रूप! झाकण घट्ट, उंदीर शिरायचा नाही, नळ दिवसाआड आला तरी फिकीर नाही. चिंच लावून घासलं, उन्हात उपडं घातलं, की झालं शुद्ध. पुढेपुढे तर लेकीच्या रुखवतात करंज्यांशेजारी पिंप नसलं की लोक नावं ठेवायला लागले. मृणालीच्या रुखवतातलं पिंप अजून तिच्या मोरीत भरलेलं होतं. या शहाणपणाला हसायचंही तिला आता जिवावर आलं होतं.

दारात टेम्पो उभा. नातीला न्हाण आलं म्हणून धोंडूबाई साडी, नारळ आणि पिंपभर तांदूळ घेऊन आली होती. रुचिका आजीला बिलगली आणि आत पळाली.

"दोनदा घासलंय गो चिंचेनं," धोंडूबाई कौतुकानं म्हणाली. "वास पन न्हाय."

गप्प बसावं, असं मृणालीला फार वाटलं. म्हातारी केवढ्या हौसेनं आलेली. पण गप्प बसलं तर उद्या हाच भात रुचिकाच्या ताटात.

"आये, हे परत ने," ती म्हणाली, आणि डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं तिनं सांगून टाकलं.

धोंडूबाई भांडली नाही. ती पायरीवर बसली. हात आपसूक गळ्यावरच्या व्रणाकडे गेला.

"तू पोटात व्हतीस, तवा बी असल्याच पिंपाचं पानी पीत व्हते मी," ती म्हणाली.

आईचा राग आला असता तर बरं झालं असतं. मृणालीला नुसती तिची कीव आली, आणि स्वतःचीही. ती आईशेजारी टेकली.

रुचिका मोरीतून पेला भरून घेऊन आली. पाहुण्याला आधी पाणी द्यायचं, हे तिला मृणालीनंच शिकवलेलं.

धोंडूबाईनं पेला हातात घेतला. तोंडाला लावला नाही.

"तू प्यालीस का गो यातलं?"

"हो आजी, आत्ताच."