दहाव्या पानावरची फुलपाखरं

"बोट लावून मोज, सिद्धी. तोंडानं पोपटासारखं नको."

सिद्धीनं होंग्याच्या फुलांवर एकेक बोट टेकवत पाचापर्यंत मजल मारली आणि सहावं फूल गपकन तोंडात टाकलं. गोजराबाईंनी तिच्या गालात बोट घालून ते बाहेर काढलं, पदराला पुसलं आणि परत रांगेत ठेवलं. "हं, हे सहा. थुंकी लागली म्हणून आकडा कमी होत नाही."

राजाजीनगरातल्या त्या नर्सरीच्या अंगणात होंग्याचं झाड होतं, आपलं करंज. युगादीचा पाडवा जवळ आला की त्याच्याखाली एवढा सडा पडायचा की पाय कुठं ठेवावा असं व्हायचं. गोजराबाई तो झाडू देत नसत. ती फुलं, वाऱ्यानं गळलेल्या बारक्या कैऱ्या, कडुनिंबाचा मोहोर, सगळं त्यांच्या गणितात जमा. नरसिंहरावांनी शाळा काढली तेव्हा पोरं सांभाळायला आयम्मा म्हणून आलेली ही बाई कधी शिकवायला लागली, ते कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. शिक्षण कानडी सातवी, हातात कसला कागद नाही. पण पोरं टीचर म्हणायची. नवरा गेला, मूलबाळ नाही, त्या एका शब्दावर बाईंनी आयुष्य रेटलं होतं.

पुढं नरसिंहराव थकले आणि शाळा सुचेता मॅडमकडं गेली. पुण्याची बाई, नवरा कॉम्प्युटर कंपनीत. वाईट नव्हती हो. वाईट असती तर बरं झालं असतं, निदान मनातल्या मनात शिव्या तरी देता आल्या असत्या.

मॅडमच्या नणंदेनं अमेरिकेहून एक चित्रांचं पुस्तक पाठवलं होतं. पहिल्या पानावर बर्फ वितळून एक पिवळं फूल वर येतं, दुसऱ्यावर दोन ससे, असं करत करत दहाव्या पानावर दहा कोश फुटून दहा फुलपाखरं उडतात.

"गोजराबाई, युगादीच्या आधीच्या सॅटर्डेला पेरेंट्स येतायत," मॅडम म्हणाल्या. "हे बुक घेऊन तुम्ही काउंटिंगची अ‍ॅक्टिव्हिटी घ्या. स्पष्ट सांगते, जूनपासून मला ट्रेन्ड टीचर ठेवायला लागणार. पण पेरेंट्सना तुमचं आवडलं, तर मी तुमच्यासाठी भांडेन."

"आणि नाही आवडलं तर?"

"तर तुम्ही मुलांचं खाणं, बाथरूम वगैरे बघा ना. पगार तोच राहील."

पगार तोच. बाईंना कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. तरी त्या पुस्तक उलटून बघत राहिल्या. बर्फ नाही तर नाही, पिवळ्या फुलाच्या जागी होंग्याचं फूल चालेल, सशांच्या जागी कैऱ्या.

"लास्ट पेजला पेपरची बटरफ्लाइज करू," मॅडम म्हणाल्या. "मी कापून देते."

"कागदाची कशाला? माझ्या माहेरी रेशमाचंच काम. खरे कोश आणते. पोरांच्या देखत फुटतील."

मॅडमचे डोळे चमकले, आणि बाईंची मान ताठ झाली. तेवढाच काय तो त्यांचा गुन्हा.

रविवारी त्या आनेकलला माहेरी गेल्या. धाकटा भाऊ विठोजी कोश विकत घेऊन सूत काढायचा. अंगणात कढया, चरखे आणि तो उकडलेल्या किड्यांचा वास, ज्यात बाई लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या.

"अक्का, एवढ्यासाठी कशाला आलीस? फोन केली असतीस तर मीच आणून दिलो असतो."

"शाळेतल्या पोरांना दाखवायला पाहिजेत. चांगले बघून दे, डागाळलेले नको."

"सरी. तू कॉफी घे, मी निवडून आणतो."

कोश फुटून किडा बाहेर यायला हवा, हे बाई बोलल्या नाहीत. त्या घरात ते बोलत नसत. फुटका कोश म्हणजे तुटका धागा, त्याचं नाव काढलं तरी आई तोंडावर हात ठेवायची. रेशमाच्या घरची ही लेक, पण कोशातून जीव बाहेर पडताना तिनं जन्मात बघितला नव्हता. शाळेत दाखवायला म्हटलं की विठोजीला समजेल, असं त्या धरून चालल्या. विठोजी बऱ्याच वेळानं डबा घेऊन आला. डबा कोमट लागला. उन्हात ठेवला असेल, असं बाईंना वाटलं.

पुढचे दिवस पोरांना दुसरं काही सुचेना. आल्या आल्या डब्याभोवती कोंडाळं. सिद्धी कोशाला कान लावायची आणि बाकीच्यांना दटावायची, "हळू मोजा, तो झोपलाय." दहा पोरं, दहा कोश, एकेकाला एकेक वाटून दिलेला. शिकवल्याशिवाय पोरं दहापर्यंत पोचली, आणि बाईंना आपलं जूनचं काम झाल्यासारखं वाटलं.

शुक्रवार आला तरी एकही कोश हलेना. डबा वास मारायला लागला होता. बाईंनी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून विठोजीला फोन लावला.

"कोश फुटेनात रे."

"फुटतील कसे? वाफ देऊन, किडे मारूनच दिलो की." विठोजीचा आवाज मायेनं भरलेला. "तुझ्या हातात कच्चे देईन का मी, अक्का? शाळेत किडा बाहेर आला असता तर चार लोकांत तुझी लाज गेली असती."

भावाला काय म्हणणार? त्यानं घरातले सगळ्यात चांगले कोश निवडून दिले होते.

"सरी," त्या म्हणाल्या. "बरं केलास."

शनिवारी लवकर जाऊन डबा उचलायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. पण मॅडमनी तो आदल्या संध्याकाळीच फुलांनी सजवून मधल्या टेबलावर मांडला होता, आणि सिद्धीची आई कॅमेरा घेऊन त्याच्यासमोर उभी होती.

तास मात्र असा रंगला की काय सांगू. पोरं फुलं वेचून आणत होती, कैऱ्यांच्या जोड्या लावत होती, मोहोर वास घेऊन मोजत होती. एक आजोबा खाली बसून नातवाबरोबर मोजायला लागले. मॅडम दारात उभ्या राहून हसत होत्या. बाईंना वाटलं, नववं पान संपूच नये.

दहावं पान आलं. सिद्धीनं झाकण काढलं आणि वास खोलीभर झाला. सिद्धीच्या आईनं कॅमेरा खाली करून नाकाला रुमाल लावला.

"टीचर, हे कधी उठणार?" सिद्धीनं विचारलं.

उद्या म्हणता आलं असतं. सोमवार म्हणता आलं असतं, पोरं काय, विसरली असती. पण आठवडाभर ज्या पोरीनं कोशाला कान लावला होता, तिच्या तोंडावर खोटं बोलवेना.

"नाही उठणार, पुट्टी. ते मेलेत. माझं चुकलं."

आधी सिद्धी रडली, मग एकेक करत सगळी. कुणीतरी इंग्रजीत काहीतरी पुटपुटलं. मॅडम पुढं आल्या, "इट्स ओके, इट्स ओके," म्हणत त्यांनी कपाटाचा खण उघडला. आत कागदाची फुलपाखरं होती, रंगीत, चमकी लावलेली. त्यांनी ती आधीच कापून ठेवली होती. पोरांनी डोळे पुसले, दहा मोजली, आणि पालकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत गोजराबाई डबा उचलून मागच्या दारानं बाहेर गेल्या. मॅडम पुढं त्यांना एका शब्दानंही बोलल्या नाहीत, आणि त्यांच्यासाठी भांडल्याही नाहीत.

जूनमध्ये सौम्या नावाची ट्रेन्ड टीचर आली. चांगली मुलगी. गोजराबाई मागच्या नळापाशी असत, हात धुवायला, नाकं पुसायला, काय निघेल ते करायला.

एका सकाळी सिद्धी वर्गातून पळत आली, पाय आवळून, तोंड कसनुसं करून. व्हरांड्यात मॅडम नव्या पालकांना शाळा दाखवत होत्या.

"टीचर, माझी शू झाली," सिद्धी म्हणाली.

मॅडमनी वळून बघितलं. काही म्हणायची वेळच बाईंनी येऊ दिली नाही.

"टीचर आत आहेत, पुट्टी. मला आयम्मा म्हणायचं."

सिद्धीनं वळून वर्गाच्या दाराकडं बघितलं. मग म्हणाली, "आयम्मा."

"हं. शहाणी माझी," म्हणून गोजराबाई खाली बसल्या आणि तिची ओली चड्डी काढायला लागल्या.