वैर मनी

रत्नपालांनी कलाबाईच्या अंगणात पाय ठेवला, चप्पल काढली, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की अंगणात कुणी चप्पल काढत नाही. लगेच पुन्हा घालणं बरं दिसेना. ते तसेच अनवाणी उभे राहिले आणि खिशातला कागद त्यांनी वरूनच चाचपून पाहिला.

कलाबाई गोठ्याच्या दारात बसून तूर पाखडत होती. मागे गोठ्यात म्हशी नव्हत्या. खुंटे होते, आणि म्हशी बांधायच्या जागी तुराट्यांचा ढीग लावलेला होता.

"बसा अण्णा," ती म्हणाली आणि हातानेच एक पोतं पुढं सरकवलं. सूप मात्र थांबलं नाही.

कमठाणा गावात रत्नपालांना ओळखत नाही असं माणूस नव्हतं. तीस वर्षं ते दूध केंद्रावर दूध तपासायला होते. त्यांच्या नळीत पाणी लपत नाही, असं लोक म्हणायचे. निवृत्त झाल्यावर ते दहा दिवसांच्या ध्यानशिबिराला जाऊन आले आणि आले ते विहाराचा माइक धरूनच बसले. दर रविवारी वंदना झाली की अर्धा तास बोलायचे. निवडणूक असो, दंगल असो, मोबाइलवरची एखादी अफवा असो, सगळ्याला त्यांच्याकडे पंचशील होतं. बातमी आली की लगेच बोट पुढं करू नका, आधी एक श्वास घ्या, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पोरंसोरं मागून त्यांना 'एकश्वासअण्णा' म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं.

गेल्या आषाढातल्या अशाच एका रविवारी ते चौथ्या शीलावर बोलले होते. खोटं बोलू नये एवढंच पुरेसं नाही, खोटं पुढंही ढकलू नये, असं बरंच काही. बोलणं रंगलं होतं. विहाराच्या पायऱ्या उतरताना मोबाइल वाजला. गावच्या ग्रुपवर व्हिडिओ आला होता: पत्र्याचं शेड, हिरव्या बांगड्यांचे हात, आणि ते हात दुधाच्या कॅनमध्ये पांढरी पूड ओततायत. खाली कुणीतरी विचारलं होतं, हा कलाबाईचा गोठा तर नव्हं? रत्नपालअण्णा, तुमाला काय वाटतंय? रत्नपालांचा एक पाय चपलेत होता. त्यांनी चारेक सेकंद पाहिलं, खाली अंगठ्याचं चित्र टाकलं, 'सावध राहा' असं लिहिलं आणि घरी जाऊन जेवले.

दुधाच्या बाबतीत रत्नपालांचा अंगठा म्हणजे सरकारी शिक्काच. तीन दिवसांत स्टँडवरच्या हॉटेलानं दूध बंद केलं, मग एकेका घरचा रतीब तुटला. त्यांच्या स्वतःच्या घरीही पत्नी सावित्रीबाईंनी पिशवीचं दूध आणायला सुरुवात केली. आणि तीन घरं टाकून कलाबाईचं घर! दुधातला युरिया ओळखायची बाटली त्यांच्या फडताळात होती. हातच्या कांकणाला आरसा कशाला? पण तीस वर्षांत दूध न बघता एकही आकडा न लिहिणारा माणूस त्या एका दिवशी उठला नाही.

कलाबाई मात्र आली होती. चौथ्या दिवशी सकाळी चरवीभर दूध घेऊन ती त्यांच्या दारात उभी राहिली, आणि अण्णांनी एकदा तपासून बघावं म्हणून सांगत राहिली. सावित्रीबाईंनी तिला सांगितलं की ते ध्यानाला बसलेत, आता उठवता येत नाही. आतल्या खोलीत रत्नपालांना तिचा आवाज ऐकू येत होता. शिबिरात शिकवल्याप्रमाणे त्यांनी तो नुसता आवाज म्हणून जाणला आणि सोडून दिला. श्वास छान चालला होता त्या दिवशी. आता ती सकाळ आठवली की त्यांना स्वतःची शिसारी येते.

पंधरा दिवसांपूर्वी संध्या, त्यांची मुलगी, बीदरहून आली होती. तिथल्या शाळेत ती शिकवते. पिशवीचं दूध बघून तिनं विचारलं, आणि मग आईच्या मोबाइलवर तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. शेवटी शेडवरची पाटी दिसत होती. पाटीवरची अक्षरं कन्नड नव्हती, तेलुगू नव्हती, मराठी नव्हती आणि उर्दूही नव्हती. "बाबा, तुमाला तर चारी लिप्या वाचता येतात," एवढंच ती म्हणाली. त्या रात्री त्यांनी आपला अंगठा आणि आपले ते दोन शब्द पुसायला घेतले. आठ महिने उलटल्यावर मोबाइल ते सगळ्यांसाठी पुसू देईना. फक्त स्वतःपुरते पुसता येत होते.

मग त्यांनी कागद लिहिला. रविवारी माइकवर वाचायचा, पण त्याआधी कलाबाईला भेटायचं, असं ठरवलं. ठरवूनही बारा दिवस गेले.

आणि या बाईचं त्यांच्यावर उपकारासारखं काही होतं, ते वेगळंच. त्यांच्या लहानपणी कलाबाईची सासू त्यांच्या गल्लीला दूध घालायची ते वरून धार धरून. माप भांड्याला लागू नये म्हणून. निम्मी धार जमिनीवर जायची. कलाबाई सून म्हणून आली आणि पहिल्याच दिवशी तिनं माप रत्नपालांच्या आईच्या भांड्याच्या काठाला टेकवलं. सासूनं घर डोक्यावर घेतलं म्हणे. दुसऱ्या दिवशीही तिनं माप टेकवलंच.

"कलाअक्का," रत्नपाल पोत्यावर बसत म्हणाले, "ते आखाडातलं... तो व्हिडिओ आपल्याकडला नव्हताच. तुमच्या दुधात काय नव्हतं. मी चुकलो."

सूप दोनदा खालीवर झालं.

"ते मला ठावं हाय की," ती म्हणाली. "माझ्या दुधात काय नव्हतं, ते मलाच कामून सांगायलाव? लोकायला सांगा."

तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे त्यांना जास्तच लागलं. लोकांनाही सांगणार आहे, रविवारी भोंग्यातून सांगणार आहे, असं ते घाईघाईनं म्हणाले. कागद काढून मांडीवर उलगडला. त्यातल्या एका वाक्याखाली त्यांनी रेघ मारली होती. सगळा कागद एकीकडे आणि ते वाक्य एकीकडे, असं त्यांना लिहिताना वाटलं होतं. वाचून न दाखवता त्यांनी ते तोंडीच सांगितलं.

"पर एक खरं माना, अक्का. माझ्या मनात तुमच्याबद्दल वैर नव्हतं."

कलाबाईचं सूप थांबलं. तिनं पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"नव्हतं? मग दर आयतवारी भोंग्यात वैर मनी, वैर मनी म्हनताव, ते? आदी एकटे तुमी म्हनताव, मग सगळेजन."

रत्नपालांना क्षणभर कळेचना. कळलं तेव्हा हसू येण्यासारखं होतं, पण आलं नाही. ते वैर मनी नव्हे, वेरमणी, त्यांनी समजावलं. पाली भाषा आहे. वेरमणी म्हणजे दूर राहणं. जीव घेण्यापासून दूर राहतो, चोरीपासून दूर राहतो, खोटं बोलण्यापासून दूर राहतो, अशी पाच वचनं असतात. बोलता बोलता त्यांचा आवाज माइकवरच्यासारखा गोल व्हायला लागला. तो त्यांचा त्यांनाच ऐकू आला आणि ते मध्येच थांबले.

कलाबाई मान हलवत ऐकत होती.

"आदी मला वाटायचं, वैर मनी धरू नका म्हनत असतील. चांगलं वाटायचं ऐकून. म्हसरं बाजारला गेल्यावर वाटाया लागलं, धरा म्हनायलेत. माझ्यासाटीच म्हनायलेत." तिनं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "म्हंजी त्या आयतवारीबी तुमी खोट्यापासून लांब राहतो म्हनूनच खाली उतरलाव?"

"व्हय."

"आन् वैर नव्हतं."

"नव्हतं, अक्का."

"मग कामून केलाव?"

रत्नपालांनी उत्तर शोधलं. मनात काय चाललंय ते बघायची त्यांना सवय होती. त्यांनी त्या रविवारच्या पायऱ्यांवर जाऊन प्रामाणिकपणे पाहिलं. तिथं लोभ नव्हता, द्वेष नव्हता, जुनी सल नव्हती. पायात अर्धी चप्पल होती, आणि घरी ज्वारीची भाकरी आणि वांगं होतं.

"भूक लागली व्हती," ते म्हणाले. "घरी जायची घाई व्हती."

कलाबाईनं सूप खाली ठेवलं आणि पदरानं तोंड पुसलं.

"वैर असतं तर बरं झालं असतं, अण्णा," ती शेवटी म्हणाली. "आठ म्हैने हुडकायले मी. आमची सासू तुमच्या आईला बोलली असंल, त्याचं असंल. आमच्या मालकानं कवा काय केलं असंल, त्याचं असंल. वैऱ्याच्या ध्यानात तरी असतंय मानूस."

ती उठून आत गेली. चहा घेऊन येईल की काय अशा भीतीनं रत्नपाल बसून राहिले. ती आली नाही. मग त्यांनी चपला हातात घेतल्या आणि रस्त्यावर येऊन घातल्या.

रविवारी विहार भरलेला होता. रत्नपाल माइकवर काहीतरी सांगणार आहेत, हे बहुतेकांना कळलं होतं. पहिली तीन शीलं झाली. चौथं झालं, आणि पाचवं न घेता रत्नपालांनी कागद काढला. आषाढात कलाबाईच्या दुधावर आपण अंगठा दिला, दूध बघितलं नव्हतं, ती दूध घेऊन दारात आली तेव्हा तिचा आवाज ऐकूनही आपण उठलो नाही, दूध चांगलं होतं, हे सगळं त्यांनी वाचलं. रेघ मारलेल्या वाक्याशी आले आणि ते गाळून त्यांनी कागदाची घडी घातली.

सभागृहात चुळबुळ झाली. विहाराचं काम बघणारे म्हातारे बाबूलाल पुढच्याच सतरंजीवर बसले होते. ते हळूच म्हणाले, "पर कामून रे, रत्नपाल?"

रत्नपालांनी हात जोडले आणि पाचवं शील घ्यायला सुरुवात केली. हे शील दारूचं. त्यांनी जन्मात दारूला स्पर्श केला नव्हता, त्यामुळे ते म्हणताना त्यांना कधी कसली अडचण आली नव्हती; रोजच्या रस्त्यानं चालावं तसं म्हणून टाकायचे. त्याच्या मध्यावर 'पमाद' हा शब्द येतो. पमाद म्हणजे बेसावधपणा. दारूनं तो येतो म्हणूनच दारू नको, असा अर्थ त्यांनी इतरांना किती वेळा सांगितला असेल, त्याची गणती नव्हती.

त्या शब्दापर्यंत ते आले आणि पुढं त्यांचा आवाज निघेना.

लोकांना वाटलं, वय झालं, दम लागला असेल. त्यांनी थोडं थांबून पाहिलं आणि मग सगळ्यांनी मिळून पुढचा शब्द म्हटला. छपरावरचा भोंगा कलाबाईच्या गल्लीकडं तोंड करून होता. शब्द तिकडं गेला, वेरमणी.