सिद्धम्माची विहीर आणि तांबडा थर

"ही हीर मुकी झाली, वैनी! आता कितीबी खनली तरी बोलनार न्हाई!" गुंडप्पा विहिरीच्या काठावरून ओरडला, तेही सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं.

वीस हात खोल कोरड्या तळातून सिद्धम्मा वर आली आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली, "कुनी सांगितलं मुकी झाली? देवानं का बसलिंगप्पानं?"

बसलिंगप्पा पाणाड्या बाभळीखालीच बसला होता. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो रानभर चालायचा आणि नारळ उभा राहिला की तिथं पाणी सांगायचा. ही जागा त्यानंच दाखवली होती. वीस हातांवर काळा पाषाण लागला तेव्हा काठावर पाच दगड मांडून विहीर मुकी झाल्याचं त्यानंच जाहीर केलं. पाच दगड मांडलेल्या विहिरीत त्या भागात कुणी वडार सुरुंग भरत नसे. आपलं चुकलं म्हणण्यापेक्षा विहिरीला मुकी म्हणणं कुणालाही सोपंच जातं.

"दैवानं बांधलेलं पानी मान्सानं सोडवू न्हाई, शिद्धम्मा," तो म्हणाला.

"तर मग आता पाडव्याचं बोला," गुंडप्पानं लगेच तो धागा धरला. "पंचांम्होरं ठरलंय. पाडव्यापातुर पानी लागलं तर रान तुमचं तुमी करा. न्हाई लागलं तर बटईनं, निम्म्या वाट्यावर, मी करनार. बाईमान्सानं कोरड्या रानात काय करायचं? शिवगंगीचं बी लगीन बघू. नववी झाली तेवढी लई झाली."

नवरा गेल्यापासून सिद्धम्मा लेक शिवगंगेला सांभाळत हे चार एकर राखून होती. बटईला गेलेलं रान दिराकडून परत येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. "पाडव्याला अजून दीड महिना हाय, भावजी. तवर माझ्या रानातून चालू पडा," ती म्हणाली. तिला मनातून रडू येत होतं, पण गुंडप्पासमोर रडण्यापेक्षा तिनं दात आवळून घेतले.

दुष्काळाचं साल होतं. उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा नवा नवा झाला होता, आणि जिल्ह्याच्या रस्त्यासाठी सिद्धम्माच्या रानालगतचं टेकाड मधोमध फोडायचं काम चाललं होतं. अर्धं गाव रोजगार हमीच्या त्या कामावर होतं. सिद्धम्माही पाट्या उचलायची. टेकाडाच्या कापलेल्या भिंतीत वर काळी माती, मग मुरूम, मग काळा दगड आणि त्याखाली हातभर जाडीचा तांबडा पट्टा सरळ गेलेला दिसे. फाल्गुनाच्या उन्हातही त्या पट्ट्याच्या वरची कड ओली असायची. बाया तिथं ओंजळ लावून तोंडावर पाणी फिरवायच्या.

त्या दिवशी भाकर घेऊन आलेली शिवगंगा भिंतीसमोर थबकली. "अव्वा, हे तर आमच्या भूगोलात हाय!"

"काय हाय?"

"आपला मुलूख लाव्हारसाचा हाय. जमिनीच्या भेगांतून तापलेला रस वर आला, पसरला, त्याचा ह्यो काळा दगड झाला. मग लई म्हंजे लई वर्षं काहीच न्हाई. त्या दगडाची वरनं माती झाली. पुन्हा रस आला आन् ती माती खाली भाजून निघाली."

"चुलीतल्या मातीवानी?"

"तशीच! म्हनून तांबडी. पाऊस दगडाच्या भेगांनी खाली उतरतो आन् ह्या चिकट मातीवर अडतो."

सिद्धम्मानं हातातली पाटी खाली ठेवली आणि पट्ट्याच्या ओल्या कडेवरून बोट फिरवलं. "पातळ पिठलं परातीत ओतलं की सपाट बसतंय. मग ह्यो पट्टा माझ्या हिरीखालून बी गेला असंल की! किती खाली असंल?"

ते मोजायची हिकमत तिला रस्त्यावरच सापडली. मिस्त्री लोक पाणी भरलेली लांब नळी वापरत. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीला उभं राहतं. जेवणाच्या सुट्टीत तिनं मिस्त्रीकडून नळी मागून घेतली. टेकाडापासून विहिरीपर्यंत दोनशे पावलं. दर वीस पावलांवर काठी रोवायची, नळीतल्या पाण्याची खूण करायची, पुढं सरकायचं. गावातली माणसं खो खो हसली. हिशेब निघाला, पट्टा विहिरीच्या तळापासून चार हात खाली.

सुरुंग लावायला दगडोबा वडार तयार होईना. पाच दगडांकडं बघत तो मान हलवू लागला. त्याची बायको नागुबाई मात्र पुढं झाली आणि तिनं पाचही दगड उचलून बांधावर रचले.

"आपन जलमभर दगडच उचलून ऱ्हायलो. ह्या पाचांनी काय घोडं मारलं? तू सुरुंग भर न्हाईतर मी भरते."

दगडोबा पहार घेऊन उतरला. रोज पहाटे आणि कामावरून आल्यावर सिद्धम्मा दगड वर ओढायची. तळहाताची साल गेली. चार हात पुरे झाले, आणि तळाशी काळा दगड तसाच कोरडा होता. पाडवा पाच दिवसांवर आलेला.

गुंडप्पा वरून हसला. "शाळंतलं पुस्तक भिजवा आन् त्येचंच पानी प्या, वैनी!"

शिवगंगा हुंदके देऊ लागली. सिद्धम्मानं तिचं मनगट धरलं. "पुस्तक खोटं हाय का मापात चूक हाय? तेवढं सांग. रडायला पाडव्यानंतर लई येळ हाय."

दोघींनी पुन्हा नळी धरली. आठव्या काठीपाशी शिवगंगा थांबली. नळीत पाण्याच्या मधोमध हवेचा बुडबुडा अडकला होता. तिनं नळी झटकली, बुडबुडा निघाला आणि पाण्याची रेघ झरझर खाली सरकली. मागच्या वेळी तो बुडबुडा कुणी बघितलाच नव्हता. आता माप आलं सहा हात.

"दोन हात ऱ्हायले!" सिद्धम्मा विहिरीत ओरडली. "दगडोबा, अजून दोन हात!"

पाडव्याला दिवस उगवायच्या वेळी गावात गुढ्या उभ्या राहत होत्या. गुंडप्पा बैलजोडी सजवून मुहूर्ताचा नांगर घेऊन थेट सिद्धम्माच्या रानात आला. बसलिंगप्पा नारळ घेऊन सोबत होता. पंचांपैकी चन्नबसप्पाही होते. गुंडप्पानं नांगर रोवला.

विहिरीतून नागुबाईची आरोळी आली. मग बराच वेळ नुसता पहारीचा आवाज.

सिद्धम्मा दोराला धरून वर आली. कोपरापर्यंत हात तांबडे, लुगड्याचा काष्टा चिखलानं भरलेला. मागून नागुबाईनं बादली वर दिली. पाणी गढूळ होतं, तांबूस होतं, पण बादली भरलेली होती, आणि खाली भेगेतून ते येतच होतं.

बसलिंगप्पा घाईनं पुढं झाला. "म्या सांगितलेलीच जागा! नारळ फोडायला पायजे."

"फोडा, आन् खोबरं नागुबाईला द्या. दगड तिनं उचलले," सिद्धम्मा म्हणाली.

चन्नबसप्पांनी पाण्यात बोट बुडवून पाहिलं आणि ते गुंडप्पाकडं वळले. "पंचांम्होरं ठरलं ते ठरलं, गुंडप्पा."

सिद्धम्मानं बादली गुंडप्पाच्या बैलांच्या तोंडापुढं ठेवली. दोन्ही बैलांनी मुंडकी खुपसली आणि बादली तळापर्यंत चाटली.

"बैलं तान्हेली हुती, भावजी," ती म्हणाली. "पाजलं. आता नांगर उचला आन् घरला जावा. माझ्या रानात मुहूर्त माझी पोरगी करनार."