एकवीस गाद्यांखालचा राउटर

मी राउटर बोलतोय. बोलतोय कसला, ओरडतोय! नारिन गावातल्या या घरात महिनाभर घसा फोडून ओरडत होतो, पण कुणाच्या कानावर गेलं असेल तर शपथ.

माझा जन्म कारखान्यातला, त्याचं फार कौतुक नको. काम मात्र मोलाचं. भिंतीतल्या वायरीतून इंटरनेट घ्यायचं आणि हवेतून घरभर वाटायचं. हवेतून, बरं का! एवढी एक गोष्ट या घराने ध्यानात ठेवली असती, तर आज मला तोंड उघडावं लागलं नसतं.

पहिली दोन वर्षं मी कपाटावर मजेत होतो. मग घरातल्या एर्मेकचं लग्न झालं आणि सायकाल सून म्हणून आली. तिच्याबरोबर दोन गोष्टी आल्या. एक तिचा संगणक. दुसरी म्हणजे तिच्या आईने हिवाळ्यांमागून हिवाळे बसून शिवलेल्या एकवीस गाद्या, लाल, जांभळ्या, मखमली. इथे अशा गाद्यांची चळत दिवाणखान्यात मानाच्या जागी, संदुकीवर रचतात. तिला जूक म्हणतात. जूक जितका उंच, तितकं सुनेचं माहेर मोठं.

सासूबाई, म्हणजे उलकानबाई, हरखून गेल्या. आढ्याला टेकेल असा जूक रचायला घेतला आणि त्यांची नजर माझ्यावर गेली. "पाहुण्यांसमोर हे डोळे मिचकावणारं काळं झुरळ कशाला?" असं म्हणून त्यांनी मला उचललं, संदुकीत ठेवलं, बाजूच्या फटीतून वायरी आत घेतल्या आणि झाकण लावलं. वर एकवीस गाद्या!

अहो, संदूक कसली? चारी बाजूंनी चकचकीत पत्रा ठोकलेली! पत्र्यातून माझी लहर जाईल कशी? फटीतून काय निसटेल तेवढंच. आत मी नुसता तापत होतो, आणि बाहेर माझ्या नावाने शंख चालू होता.

सायकाल संगणकावर खेळायची तो खेळ पाच जणींचा. बाकी चौघी राजधानीत, बिश्केकला, ही एकटी इथे, मागच्या खोलीत. गंमत म्हणून नव्हे हं. शहरांच्या स्पर्धेत त्यांचा संघ शेवटच्या फेरीत पोचला होता आणि पुढच्या स्पर्धेसाठी अल्माटीला जायचं होतं. सून झाल्यापासून तिला तिच्या नावाने हाक मारणाऱ्या त्या चौघीच. घरात ती 'अगं सूनबाई, चहा' एवढीच होती.

आणि ऐन चढाईत तिचा खेळ थिजायचा. एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं. नुरझात त्यांची कप्तान. तिचा आवाज माझ्यातूनच जायचा, म्हणून मला पाठ आहे. "सायका, मला तू हवीस गं. पण रविवारी पुन्हा गायब झालीस, तर मी राखीव पोरीला घेईन. चौघींचं नुकसान मी नाही करणार."

एर्मेक कामाला लागला. भिंतीवरच्या बटणाने मला बंद केलं, दहा आकडे मोजले, सुरू केलं. दिवसातून सहा वेळा! खेळ काढून पुन्हा टाकला. दूरचा सर्व्हर सोडून जवळचा धरला. शेजारचा झाकिप फुकट आपलं इंटरनेट ओढतो म्हणून पासवर्ड बदलला आणि झाकिपशी भांडणही उकरून काढलं. सगळं केलं, फक्त झाकण उघडलं नाही.

"सरळ वायर टाकू या का?" सायकालने एकदा विचारलं.

"मानाच्या जागेवरून वायर? पाहुणे अडखळून पडायचे!" सासूबाई कडाडल्या. "आणि माझी मालिका कशी झकास चालते? तुझ्या खेळातच खोट आहे."

मालिका चालणारच! टीव्ही संदुकीला चिकटून, आणि मालिका पुढचं पाच मिनिटांचं आधीच भरून ठेवते. मध्ये मी अडखळलो तरी पत्ता लागत नाही. खेळाला क्षणाचा हिशेब क्षणाला द्यावा लागतो. हे या बाईला कोण सांगणार?

मग कंपनीचा माणूस आला. मला वाटलं, सुटलो! त्याने बाहेरची वायर तपासली आणि विचारलं, "राउटर कुठाय?"

"संदुकीत," सासूबाई म्हणाल्या. "पण जूक हलवायचा नाही हं, नव्या सुनेचा आहे. वर्षाच्या आत उतरवला तर सून माहेरी परत गेली म्हणतात लोक."

"छे छे, जूक कशाला हलवायचा!" मेला लगेच कबूल! त्याच्याही घरी असेलच की असा जूक. तीन वाट्या चहा प्यायला, तळलेले बोरसोक खाल्ले आणि माझं तोंडही न बघता निकाल दिला, "लाइन उत्तम आहे. राउटर जुना झालाय." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. डॉक्टरने रोग्याला न बघता मेला म्हणून सांगावं, तसं!

पण माझा खरा राग कुणावर आहे, सांगू? सायकालवर. तिला कळलं होतं. घरात कुणी नसताना ती फोन घेऊन खोल्याखोल्यांतून फिरली. मागच्या खोलीत सिग्नलची एकच रेघ. संदुकीच्या फटीला फोन लावला तर चारही भरल्या. ती जमिनीवर बसली आणि गाद्यांकडे बघत राहिली. "आईच्याच गाद्या," एवढंच म्हणाली. अगं, मग बोल ना! चांगले बारा दिवस गप्प बसली पोरगी.

रविवारी दुपारी सामना, आणि त्याच वेळी सासऱ्यांचे चार मित्र जेवायला. सायकालने चहा ओतला, ताटं मांडली आणि मागच्या खोलीत पळाली. वीस मिनिटं मी जिवाच्या आकांताने फटीतून लहर ढकलत होतो. मग एक पाहुणा ऐसपैस मागे सरकला आणि फटीला पाठ लावून बसला. संपलं!

ती उठून आली. चार परक्या पुरुषांसमोर, सासऱ्यांच्या डोक्यावरून हात घालून तिने पहिली गादी ओढली. मग दुसरी. मग सगळी चळत धाडकन पाहुण्यांच्या ताटांवर.

"अगं, घर मोडलंस!" सासूबाई किंचाळल्या.

"घर नाही, आई, गाद्या काढल्या!" महिन्याभरात तिचा आवाज पहिल्यांदा चढलेला ऐकला मी. "माझ्या आईने शिवल्यात. मला काढता येतात!"

झाकण उघडलं. तिने मला खिडकीत ठेवलं आणि धावली. मी जीव तोडून लहर सोडली, एकही अडखळ नाही. सगळ्या रेघा भरल्या. तिने कानाला हेडफोन लावला. "नुरझात, आले मी! ऐकू येतंय?"

"अगदी स्वच्छ," नुरझात म्हणाली. "राखीव पोरगी आत गेली गं. तिचं नावही देऊन टाकलंय, अल्माटीसाठीसुद्धा."

आता मी खिडकीतच असतो. मला परत संदुकीत घालायची कुणाची हिंमत नाही. सासूबाई अजून सुनेशी बोलत नाहीत. तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद कोंडलेला असेल तर आज, आत्ता उठा आणि त्याला बाहेर काढा. लोक काय म्हणतील ते मागाहून बघा. आणि दुखणं कळूनही गप्प बसणाऱ्यांनो, तुमच्यापुढे तर मी हात टेकले.

या घरात महिनाभरात न तुटता, न थिजता मी पोचवलेला पहिला निरोप नुरझातचा तोच होता. त्यावर सायकालने लिहिलेलं 'बरं' मी डोळ्याचं पातं लवायच्या आत बिश्केकला पोचवलं.