मागचा डावा कोपरा

"आता कुठे बघू? बोला की!" गाडीखालून तिनं ओरडून विचारलं.

वर पलंगावर पडलेल्या मिस्त्रींनी डाव्या हातातला पाना गाडीच्या तळावर आपटला. ठक, ठक. म्हणजे तिथं नाही, पुढे सरक.

"अजून पुढे? मग काय इंजिनात जाऊन बसू?" असं म्हणत ती पाठीवर सरपटत पुढे गेलीच. नवऱ्याचं ऐकायचं नाही असं कितीही ठरवलं, तरी गाडीच्या बाबतीत तिनं त्यांचा शब्द कधी मोडला नव्हता.

ठोक्यांची ही भाषा त्यांच्या संसाराइतकीच जुनी होती. मिस्त्री बसगाड्यांच्या कारखान्यात कामाला. सुट्टीच्या दिवशी दारात कुणाची ना कुणाची गाडी उभी. ते खाली झोपायचे, ती वर बसायची. कॉम्प्रेसरच्या कलकलाटात बोलणं ऐकू येईना, म्हणून एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही जुनीपुराणी घरगाडी घेतली. आत पलंग, शेगडी, भांडी घासायला बेसिन, आणि खाली चाकांपाशी लोखंडी पाट्यांच्या स्प्रिंगांऐवजी गाडी तोलून धरणारे हवेचे रबरी फुगे. दोघं तिच्यात हिंडली, तिच्यातच राहिली. मग मिस्त्रींना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. उरले ते ठोके. आता ते वर नि ती खाली, एवढाच काय तो फरक.

गाडीचा मागचा डावा कोपरा रोज बसायचा. सकाळी हवा भरावी, तर दुपारी जेवायच्या वेळेला ताटातलं वरण एका बाजूला. आज संध्याकाळी गिऱ्हाईक येणार होतं आणि त्यानं बजावून ठेवलं होतं, "भरलेली हवा टिकली तर गाडी घेतो. कोपरा बसलेला दिसला तर मी आल्या पावली परत." गाडी गेली की दोघांनी मुलाकडे राहायला जायचं, तळमजल्यावरच्या खोलीत. मिस्त्रींना गाडीच्या पायऱ्यांवरून चढवता-उतरवता तिच्या कमरेचा पार भुगा झाला होता. मागच्या आठवड्यात दोघंही पायरीवरून कोसळली आणि कुणीतरी येईपर्यंत तशीच एकमेकांवर पडून राहिली. त्या दिवशी तिनं गाडी विकायचं काढलं. मिस्त्रींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. ठोका दिला नाही, हो म्हणून नाही की नाही म्हणून नाही.

सकाळी मुलाचा फोन आला होता. "आई, मेकॅनिक पाठवू का?"

"घरात मिस्त्री असताना? शोभतं का ते!" ती म्हणाली होती. मिस्त्रींना ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानंच म्हणाली होती.

पुढच्या उजव्या फुग्याला तिनं साबणाचं पाणी फासलं. बुडबुडा नाही. नळीला फासलं. नाही. दुपार कलायला लागली तसा तिचा जीव टांगणीला लागला. मिस्त्रींचंच वाक्य तिला आठवलं: जिथं दुखतं तिथं आधी हात लाव. मग मागचा कोपरा बसत असताना हे मला पुढे पुढे का धाडतायत? डोक्यावरही परिणाम झाला की काय यांच्या?

ती आपल्या मनानं मागे सरकली. वर ते कळलं असावं. ठक, ठक. तिनं ऐकलं नाही. ठक, ठक. ठक, ठक.

"थांबा हो जरा!"

मागच्या डाव्या फुग्यामागे हवेची नळी पितळी जोडात शिरत होती. तिथं ब्रश लावला मात्र, साबण उतू जाणाऱ्या दुधासारखा वर आला. घोडं इथं पेंड खात होतं तर! तिनं चौकटीखाली लाकडी ठोकळा सारला, कारण ठोकळा लावल्याशिवाय फुग्यातली हवा सोडायची नाही हेही मिस्त्रींनीच शिकवलेलं. हवा सोडून तिनं नळी ओढून काढली.

नळीचं टोक तिरकं कापलेलं होतं. टोक सरळ नसेल तर जोड हवा धरत नाही, हे तिलासुद्धा ठाऊक. आणि मग तिला तो घाट आठवला. नळी फुटलेली, हत्यारांची पेटी मुलाकडे राहिलेली, आणि तिच्याच भाजीच्या सुरीनं नळी कापणारे मिस्त्री. "तात्पुरतं गं. परत गेलो की नीट करू." परत आले आणि आठवड्याच्या आत झटका आला.

म्हणजे त्यांना सकाळपासून माहीत होतं. गिऱ्हाईक तुटलं तरी बेहत्तर, पण बिघाड कधी खोटा न सांगणारा हा माणूस आज सकाळपासून तिला खोटे ठोके देत होता. ती हमसून हमसून रडली. तेल, माती, साबण सगळं तोंडाला लागलं.

"अहो," ती शेवटी म्हणाली, "काखेत कळसा नि गावाला वळसा घालायला लावलात ना मला?"

तिनं बाहीनं तोंड पुसलं.

"मलाही नाही हो विकायची. पण आता माझ्यानं तुम्हाला उचलवत नाही."

नळी होती तशी परत खोचली असती तर कुणाला पत्ता लागणार होता? कोपरा बसला असता, गिऱ्हाईक आल्या पावली गेलं असतं. आणि उद्या सकाळी पुन्हा त्या पायऱ्या. तिनं धारदार पातं घेतलं, टोक बोटभर कापलं, सरळ, आणि नळी जोडात घट्ट बसवली.

पुढच्या दारानं चढून तिनं हवा भरायला इंजिन चालू केलं. कोपरा सावकाश वर आला. इंजिन बंद करून तिनं खाली पुन्हा साबण लावून पाहिला, ठोकळा काढला, गाडीला कान लावला. कसलाही आवाज नव्हता.

कुठलंही काम संपलं की मिस्त्री खालून विचारायचे, आणि पेल्यातलं पाणी कलतंय का ते बघून ती वरून ठोका द्यायची. आज पाण्याचा पेला मिस्त्रींच्या उशाशी होता. तिनं गाडीच्या पत्र्यावर तळहात ठेवला.

"अहो, आली का बरोबरीत?"

ती तशीच उभी राहिली. गिऱ्हाईकाची यायची वेळ होत आली होती.

मग पाना सरकल्याचा आवाज झाला, आणि ठोका पडला. एकच.